परगावी उपचार आणि कुटुंबाचा मुक्काम

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराच्या कामाचा अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेबपत्रके आपल्या हाती दिलेली आहेत. त्यांतील आकडे पुन्हा वाचून आपला वेळ आम्ही घेणार नाही. त्याऐवजी आपल्या जमाखर्चाच्या कोणत्याही रकान्यात न दिसणाऱ्या एका खर्चाविषयी आज बोलावयाचे आहे. येथून मोठ्या शहरात उपचारासाठी पाठविलेल्या रुग्णाच्या कुटुंबाने तेथे राहावयाचे कोठे, शिजवून खावयाचे कोठे आणि किती दिवस, हा तो विषय होय.

आपले गाव सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर आहे. श्री स्वामी समर्थांच्या दर्शनाला जाणारे भाविक बारमाही या रस्त्याने जातात. त्यांच्या मुक्कामाची चिंता कोणी करीत नाही, कारण अक्कलकोटात भक्तनिवास आहे, अन्नछत्र आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. त्याच रस्त्याने उलट दिशेला, सोलापूर स्थानकाकडे, हातात तपासणीच्या कागदांची पिशवी घेऊन जाणारे कुटुंबही असते. सिद्धेश्वर एक्स्प्रेस त्यांना रात्री घेऊन निघते आणि सकाळी मुंबईस पोहोचवते. तेथून पुढे मात्र त्यांच्यासाठी कोणतीही रीत बसलेली नाही. भाविक दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी परततो. रुग्णाला कधी सहा आठवडे, तर कधी सहा महिने राहावे लागते.

हा मुक्काम इतका का लांबतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. पूर्वी मोठा आजार म्हणजे रुग्णालयातील खाट, असे समीकरण होते. रुग्ण खाटेवर, सोबतीचा माणूस खाटेखाली चटईवर. आज मोठ्या आजारांचा बराचसा उपचार खाटेवरून उठून बाह्यरुग्ण विभागात गेला आहे. कर्करोगावरील किरणोपचार अनेक प्रकारांत आठवड्यातून ५ दिवस, असे ५ ते ७ आठवडे चालतात. रुग्ण यंत्राखाली काही मिनिटेच असतो. उरलेल्या दिवसासाठी त्याला दाखल करून घेण्याचे कारण नसते. रसायनोपचारात औषध दिल्यावर बहुधा घरी सोडतात, पण पांढऱ्या पेशी उतरलेल्या काळात ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. दात्याकडून अस्थिमज्जा घेऊन प्रत्यारोपण केल्यास त्यानंतरचे साधारण पहिले १०० दिवस रुग्णालयाच्या जवळपास राहण्यास सांगितले जाते. डॉक्टर ज्याला 'घरी जा' म्हणतात, ते घर वळसंगला असून चालत नाही. ते परळला, खारघरला किंवा पुण्यात असावे लागते.

उपचाराच्या खर्चाचा भार गेल्या काही वर्षांत पुष्कळ हलका झाला, हे आनंदाने नमूद केले पाहिजे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात ८ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले, आणि पुढे विम्याचे संरक्षण दीड लाखांवरून ५ लाख रुपयांपर्यंत वाढले. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासात रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित त्रिस्तर वर्गात पूर्ण सवलत आहे, आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के. म्हणजे शस्त्रक्रियेची सोय आहे, औषधाची आहे, गाडीभाड्याचीही आहे. सोबत गेलेल्या आई, आजी व लहान भावंडाच्या दीड-दोन महिन्यांच्या राहण्याखाण्याचा भार मात्र यांपैकी कोणत्याही तरतुदीत बसत नाही. अर्धवट सोडलेल्या उपचाराच्या मुळाशी अनेकदा हाच भार असतो. औषध लागू पडत असते, डॉक्टर आशा देत असतात, आणि खोलीचे भाडे संपते म्हणून कुटुंब परतीची गाडी धरते. थांबलेल्या उपचारानंतर आजार उलटला, तर पुढची लढाई अधिक अवघड असते. आपण भाड्याविषयी बोलत आहोत असे वाटले, तरी प्रश्न प्राणाचाच आहे.

या प्रश्नाची जाणीव महाराष्ट्राला पूर्वीपासून आहे. संत गाडगे महाराजांनी स्वतःसाठी घर बांधले नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज परगावाहून येणाऱ्या कर्करुग्णांचे व त्यांच्या नातेवाइकांचे आश्रयस्थान आहे. परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण तेथे येऊ लागले. या रुग्णालयाचे नामवंत शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या स्मरणार्थ वांद्रे येथे रुग्णांसाठी निवास आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन परळ भागातच आहे. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्युड संस्थेने कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी विनामूल्य निवास उभारले. तेथील मांडणी विचार करण्याजोगी आहे: प्रत्येक कुटुंबाला राहण्याची स्वतंत्र जागा, आणि सामाईक स्वयंपाकघरात प्रत्येक आईला स्वतःची चूल. परदेशातही हाच विचार दिसतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १९७४ साली आजारी मुलांच्या पालकांसाठी 'रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस' सुरू झाले; पुढे अशी घरे अनेक देशांत निघाली.

तरीही गरज मोठी आणि जागा थोडी. २०२१ साली म्हाडाच्या १०० सदनिका टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी देण्याचे ठरले. परळ भागातील त्या जागेबाबत स्थानिक रहिवाशांच्या हरकती आल्या, निर्णयास स्थगिती मिळाली, आणि बॉम्बे डाइंग गिरणीच्या आवारातील सदनिका त्याऐवजी देण्याचे जाहीर झाले. रुग्णांविषयी कोणाच्या मनात सहानुभूती नव्हती असे नव्हे. दाटीच्या शहरात एक खोलीही सहज सुटत नाही, एवढेच त्यावरून दिसते.

धर्मशाळेत जागा मिळाली तर उत्तमच. पण तेथे गरजूंचा क्रम आधी लागतो आणि तो तसाच लागला पाहिजे. प्रतीक्षेत कधी दिवस जातात, आणि काही ठिकाणी सोबतच्या माणसांच्या संख्येलाही मर्यादा असते. मग उरते लॉज, आणि अलीकडे उपलब्ध झालेली दुसरी सोय, सर्व्हिस अपार्टमेंट. हे नाव ऐकून कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची ऐषारामी व्यवस्था डोळ्यांसमोर येते. वस्तुतः ही सामानासह, दिवसाच्या, आठवड्याच्या किंवा महिन्याच्या दराने मिळणारी सदनिका असते. त्यात ओटा, शेगडी, शीतकपाट, चार भांडी, कपडे धुण्यावाळवण्याची सोय आणि साफसफाई करणारा माणूस असतो. मोठ्या रुग्णालयांच्या परिसरात रुग्णांच्या कुटुंबांना अशा सदनिका देणारे अनेक लोक आहेत.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावगाव सांगत नाही. किराणा दुकान चालविणारे वडील, आई, आजी, सात वर्षांची आजारी मुलगी आणि कडेवरचा भाऊ. धर्मशाळेच्या यादीत नाव वर येण्याइतके गरीब नाहीत, आणि शहरात महिनाभर राहण्याइतके सुखवस्तूही नाहीत. पहिला पंधरवडा त्यांनी एका लॉजमध्ये काढला. तेथे शेगडी पेटविण्यास मनाई होती. बाहेरचे जेवण मुलीच्या तोंडाला लागेना, आणि उघड्यावरचे पदार्थ देऊ नका असे डॉक्टरांनी बजावले होते. आजींना कन्नडशिवाय भाषा येत नसल्याने त्या दिवसभर दार लावून बसत. वडिलांचा विचार पक्का होत चालला होता की, दुसरा डोस झाला की गावी जावे आणि पुढचे पुढे पाहावे. एका नातेवाइकाने अनामत रक्कम भरली, म्हणून ते रुग्णालयापासून जवळच्या एका छोट्या सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये गेले. जाताना आईने गावाहून ज्वारीचे पीठ आणि शेंगाचटणी मागवून घेतली. भाकरीचा घास ताटात आला तसे मुलीचे खाणे सुधारले. आजींकडे स्वयंपाकाचे काम आले आणि त्या सावरल्या. वडील आठवड्यातून चार दिवस गावी येऊन दुकान उघडू लागले, कारण मागे चौघे एका बंद दाराआड सुरक्षित आहेत हा भरवसा होता. त्या मुलीच्या उपचाराचा पहिला, सर्वांत कठीण टप्पा खंड न पडता पार पडला. यश औषधाचे आणि डॉक्टरांचेच. पण ते औषध पूर्ण घेता यावे म्हणून त्या ओट्याने आणि शेगडीने हातभार लावला.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी असल्याने आता हिशेबाची बाजू मांडतो. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल समजावेत. प्रत्यक्ष दर शहर आणि वस्तीप्रमाणे बदलतात. समजा, लॉजची खोली दिवसाला १,५०० रुपयांना आहे आणि सर्व्हिस अपार्टमेंट २,२०० रुपयांना. फलकावरचा दर पाहून कोणीही लॉजच निवडील. परंतु लॉजमध्ये कुटुंबाचे बाहेरचे चहा-जेवण १,१०० रुपयांना पडले आणि रुग्णालयाची ये-जा ३०० रुपयांना, तर दिवसाचा खर्च २,९०० होतो. अपार्टमेंटमध्ये शिधा ३५० आणि ये-जा १०० धरली, तर तो २,६५० होतो. सहा आठवड्यांचे ४२ दिवस धरले, तर लॉजचा मुक्काम १,२१,८०० रुपयांना आणि अपार्टमेंटचा १,११,३०० रुपयांना पडतो. महाग दिसणारी जागा १०,५०० रुपयांनी स्वस्त पडली. याउलट एका रात्रीच्या तपासणीसाठी जाणाऱ्याने अपार्टमेंटचा विचारही करू नये. त्याला साधी खोली पुरते. मुक्काम जितका लांब आणि माणसे जितकी अधिक, तितका स्वयंपाकघराचा लाभ मोठा.

या अनुभवावरून आम्ही रुग्णांच्या कुटुंबीयांना चार पायऱ्यांनी विचार करण्यास सांगतो. पहिली पायरी, मोठ्या शहरात जाणे खरोखर आवश्यक आहे काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. आपल्याच जिल्ह्यात बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे आणि १९८७ पासून तेथे ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम चालू आहे. सोलापूर शहरातही अनेक उपचार होतात. जवळ होणारा उपचार जवळच घ्यावा. दुसरी पायरी, जाणे भागच असेल तर शहर निवडताना भाषेचाही विचार करावा. आपल्या भागात घरोघरी कन्नड बोलली जाते, सोलापुरातील पद्मशाली कुटुंबांत तेलुगू. ज्या शहरात आजी भाजीवाल्याशी बोलू शकते, तेथील मुक्काम निम्मा सोपा होतो. उपचार सारखाच मिळत असेल तर पुणे-मुंबईइतकाच हैदराबाद किंवा बंगळूरचा पर्याय पडताळून पाहावा. तिसरी पायरी, रुग्णालयातील समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटावे. धर्मशाळेसाठी तेथील पत्र व रुग्णाची फाइल लागते, आणि प्रतीक्षायादीत नाव जितके लवकर लागेल तितके बरे. चौथी पायरी सर्व्हिस अपार्टमेंटची.

अपार्टमेंट ठरविताना काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. महिन्याचा दर वेगळा असतो, तो विचारावा, आणि वीज, पाणी व कर त्यात धरले आहेत काय तेही. १८ जुलै २०२२ पासून दिवसाला १,००० रुपयांपर्यंतच्या खोलीवरही वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हा तो १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीसाठी ५ टक्के झाला. करनोंदणी असलेल्या ठिकाणी तो देयकात दिसतो. पूर्ण स्वयंपाकास परवानगी आहे की केवळ चहापुरती, हे स्पष्ट करून घ्यावे. इंडक्शन शेगडी असेल तर सपाट बुडाचा लोखंडी तवा घरून न्यावा. उद्वाहन चालू असते काय, कमोड आहे काय, रात्री दोन वाजता रिक्षा मिळते काय, हे पाहावे. सकाळी सहाला गाडीतून उतरल्यावर दुपारी बारापर्यंत खोली मिळणार नसेल, तर आजारी माणसाला घेऊन बसायचे कोठे, हे आदल्या दिवशीच ठरवावे. रुग्णाला मध्येच दाखल करावे लागले किंवा मुक्काम अचानक संपला, तर उरलेल्या दिवसांचे पैसे व अनामत परत मिळेल काय, हे लेखी घ्यावे. हा प्रश्न विचारताना जीभ अडते, तरीही विचारावा. आणि शेवटचे: फोनवर छायाचित्रे पाहून अनोळखी माणसाच्या खात्यात आगाऊ रक्कम पाठवू नये. जागा पाहावी, पावती घ्यावी, मगच पैसे द्यावेत. ही माहिती एका पानावर मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत छापून आम्ही स्वागतकक्षात ठेवली आहे, आणि पुढील शहराची चिठ्ठी देताना ते पान सोबत दिले जाते.

आता विश्वस्त मंडळ व देणगीदार यांच्यापुढे आमचा प्रस्ताव. आपल्या संस्थेने मुंबईत स्वतःची खोली घ्यावी, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली आहे. तिच्यामागील सद्भावना आम्ही जाणतो. परंतु आपले रुग्ण एका शहरात जात नाहीत. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, तर कोणी हैदराबादला जातो. एका जागेत गुंतवलेले भांडवल इतर शहरांतील रुग्णाच्या कामी येणार नाही. शिवाय देखभाल, सोसायटीचा खर्च आणि व्यवस्थापक यांचा भार दरवर्षी पडेल. म्हणून खोलीऐवजी 'निवास साहाय्य निधी' असावा, असे आम्हांस वाटते.

या निधीचे दोन भाग असावेत. पहिला भाग अनामत रकमेचा. आमचे निरीक्षण असे की, पुष्कळ कुटुंबे दरमहा भाडे कसेबसे भरू शकतात, पण सुरुवातीची अनामत एकरकमी उभी करणे त्यांना जमत नाही. तेथेच सोनाराचे किंवा सावकाराचे दार दिसते. ही अनामत संस्थेने परस्पर घरमालकाला पावती घेऊन द्यावी आणि मुक्काम संपल्यावर ती परत संस्थेकडे यावी. अशी देणगी खर्च होत नाही, ती फिरत राहते. एका कुटुंबाचा उपचार संपला की तीच रक्कम दुसऱ्या कुटुंबाच्या दाराची किल्ली होते. कोणतीही अनामत पूर्णपणे सुरक्षित नसते; कधी रंगरंगोटीच्या नावाखाली कपात होईल, याची तरतूद आपल्याला हिशेबात ठेवावी लागेल. दुसरा भाग प्रत्यक्ष भाड्याच्या साहाय्याचा, आणि तो मोजक्या, अत्यंत गरजू कुटुंबांसाठी, तोही धर्मशाळेत जागा मिळेपर्यंतच्या दिवसांपुरता. दोन्ही भागांचा हिशेब ताळेबंदात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा, कोणाला किती साहाय्य झाले याचा गोषवारा नावे न देता वार्षिक अहवालात छापावा, आणि विश्वस्तनाम्यातील उद्देशांत हा खर्च बसतो याविषयी लेखापरीक्षकांचे मत आधी घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

पैशाशिवायही देता येण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या पंचक्रोशीतील अनेक कुटुंबांची मुले-मुली नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत, हैदराबादेत राहतात. त्यांनी आपल्या वस्तीतील चांगल्या, प्रामाणिक निवासांची माहिती आम्हांस कळवावी. पहाटे स्थानकावर उतरलेल्या गाववाल्याला दोन तास घरी टेकू द्यावे. ज्या कुटुंबांनी असा मुक्काम काढला आहे, त्यांनी आपला अनुभव स्वागतकक्षातील नोंदवहीत लिहून ठेवावा. पुढे जाणाऱ्याला त्याचा उपयोग आमच्या छापील पानापेक्षा अधिक होईल.

रुग्णालय म्हणजे इमारत, यंत्रे आणि खाटा, हे खरेच. त्यांसाठी आपण सढळ हाताने दिले आहे आणि त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. आम्ही लिहिलेली चिठ्ठी घेऊन जो रुग्ण आमच्या दारातून मोठ्या शहराकडे निघतो, तोही आमचाच रुग्ण राहतो, एवढे या प्रस्तावामागचे सूत्र आहे. त्याच्या तपासणीची तारीख आपण ठरवून देतो. त्या रात्री त्याची आई भाकरी कोठे थापणार, हेही आपण विचारले पाहिजे.

प्रस्तावावर आपण विचार करावा, सूचना कराव्यात आणि तो मंजूर करावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.